टांगलेला ढोल आणि श्रीपतरावांची वही

मी, पिराप्पा भीमराज पुजारी, वय वर्षे बहात्तर, धंदा रेडिओ व टेप दुरुस्ती, मूळ राहणार निंबर्गा, तालुका आळंद, सध्या राहणार बसस्टँडच्या मागे, हुमनाबाद, जिल्हा बीदर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मन ठिकाणावर नाही, पण कायदा मनाची चौकशी करत नाही असे शिवशंकर वकिलांनी सांगितल्यावरून पुढे जातो. कोणी मला बसवून हे लिहवून घेतलेले नाही. उलट घरात सगळ्यांचे म्हणणे आहे की आत्ताच हे कशाला.

आत्ताच अशासाठी की येत्या गुरुवारी कलबुर्गीला माझ्या काळजाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही, आणि लगेच चार कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. यापूर्वी मी दोन मसुदे लिहिले आणि दोन्ही फाडले. दोन्ही वेळा ढोलाच्या कलमापाशी अडलो. त्यांचे तुकडे कोणाला सापडले तर ते रद्द समजावेत.

मराठीत लिहीत आहे, कारण सातवीपर्यंत मी मराठी शाळेत शिकलो आणि भांडण मला मराठीतच नीट जमते. कचेरीसाठी कन्नड प्रत वकिलांनी करावी, मात्र तिच्यात माझे शब्द सौम्य करू नयेत.

कलम १. हुमनाबादचे दोन खोल्यांचे घर माझी पत्नी गौरम्मा हिच्याकडे ती असेपर्यंत राहील. तिच्यानंतर मुलगा महांतेश आणि मुलगी रेणू यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. गौरम्माला कोणी 'आता आमच्याकडे चल' म्हणून उठवू नये. तिला दुसऱ्याच्या चुलीवर झोप लागत नाही, हे तिचे स्वतःचे वाक्य आहे. आत्ता हे लिहिताना ती दोनदा दाराशी येऊन गेली. "काय लिहायलाव एवढं? घर दोन खोल्याचं, कागद धा." मी म्हटले, घराला दोनच ओळी लागल्या, बाकीचे वेगळे आहे. तिला वेगळे म्हणजे काय ते ठाऊक आहे, म्हणून ती तशीच आत गेली.

कलम २. निंबर्ग्याची कोरडवाहू जमीन आणि पोस्टातली शिल्लक, दोन्हींचा आकडा पासबुकात व उताऱ्यात आहे, तो इथे लिहून शाई घालवत नाही. दोन्ही मुलांनी सारखी वाटणी करावी. बांधावरची बाभळ तोडू नये. बस.

कलम ३. दुकानातली सगळी हत्यारे, पेचकस, मीटर, सोल्डरिंगचे सामान आणि टेपचे हेड साफ करायची डबी, रेणूला द्यावीत. ही पोर दुकानात माझ्या पाठीमागे उभी राहून शिकली. मी शिकवली नाही. भालकीला सासरी ती आता गल्लीतले मिक्सर नि पंखे दुरुस्त करते आणि मला फोनवर विचारण्याचे नाटक करते, म्हणजे मला बरे वाटावे. दुकानात एकतीस टेप आणि रेडिओ पडून आहेत. प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधली आहे. त्यातले काही मालक वारले, त्यांची मुले म्हणतात, ठेवा तुम्हालाच काका. तरी प्रत्येकाला एकदा फोन करावा. जो येईल त्याला यंत्र चालू करून दाखवूनच द्यावे.

एकतीस यंत्रे. आवाज भरून ठेवणारी यंत्रे. हे वाक्य लिहून मी उठलो, अंगणात फेरी मारली, पाणी प्यालो आणि परत बसलो आहे.

कलम ४. माझ्या माघारी घरासमोर डीजे लावू नये. गावाकडची काही तरुण मंडळी प्रेमापोटी आणतील, त्यांना गाडीतून उतरवूच देऊ नये. मला जाताना शांतता हवी आहे असे नाही. मला तो ठोका हवा आहे जो मला मिळणार नाही, आणि त्याच्या जागी दुसरे काही नको.

कलम ५. माझ्या सर्व कॅसेटी शरणप्पाला द्याव्यात. शरणप्पा म्हणजे निवृत्त बस कंडक्टर, ज्याने गेली अडतीस वर्षे माझे एकही मत मान्य केलेले नाही. श्रीपतरावांना काहीही देत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असा वकिलांचा सल्ला आहे, आणि म्हणूनच मी श्रीपतरावांना साक्षीदार केले आहे. ते समजून हसतील.

पण श्रीपतराव कोण, हे सांगितल्याशिवाय पुढचे कलम कळायचे नाही. श्रीपतराव मूळ मेहकरचे, घरची शेती भरपूर. हुमनाबादला त्यांनी हॉटेल टाकले ते गाणी ऐकायला, चहा हे निमित्त. सोमवारी माझे दुकान बंद असते. दर सोमवारी दुपारी मी, ते आणि शरणप्पा असे तिघे त्यांच्या गल्ल्याशेजारच्या पत्र्याच्या टेबलाशी बसतो. विषय एकच. ऐन उमेदीत गेलेल्या कलावंतांपैकी कोणाच्या जाण्याने संगीताचे सगळ्यांत मोठे नुकसान झाले.

श्रीपतराव पहिल्या दिवसापासून धाकट्या पलुस्करांच्या बाजूचे. चौतिसाव्या वर्षी गेलेला माणूस, आणि गाणे तर सगळे पुरे पिकलेले. शरणप्पा आधी सैगलसाठी भांडायचा, मग मॅन्डोलिनवाले श्रीनिवास गेले त्या दिवशी त्याने पक्ष बदलला आणि तीन सोमवार चहाला शिवला नाही. मी मास्टर मदनची बाजू घ्यायचो. चौदा वर्षांचे वय, मागे आठ गाणी.

"आवाज फुटल्यावर काय झालं असतं कुणाला ठावं?" श्रीपतराव म्हणायचे. "पिराप्पा, तू नुसतं वय बघून रडायलास. पलुस्करांचं गाणं बघ की, तयार माल गेला."

"म्हणून तर," मी म्हणायचो. "त्यांचं काय गेलं ते आपल्याला कळतंय तरी. ह्या पोराचं काय गेलं ते कळतच न्हाई. मग जास्ती कुणाचं गेलं, सांगा."

शरणप्पा मध्येच विचारायचा, पंचेचाळीसच्या पुढचा माणूस घ्यायचा की नाही, आणि दारूने गेला तर तो धरायचा की नाही. दारूवर दोन सोमवार गेले होते. शेवटी श्रीपतरावांनी एक लांबट वही आणली आणि तिच्यात चार रकाने आखले: नाव, वय, कशाने गेला, मागे काय राहिले. वर नियम लिहिला, तो अजून तसाच आहे. ज्याला आपण कानांनी ऐकले नाही, त्याचे नाव इथे लिहायचे नाही. तबकडी चालेल, कॅसेट चालेल, रेडिओ चालेल. ऐकीव मोठेपणा चालणार नाही.

हा नियम माझ्यासाठी केला होता असे मी म्हणत नाही. पण तो लागला मलाच.

कलम ६. ढोल.

माझा धाकटा भाऊ योगीराज निंबर्ग्याला बिरप्पाच्या जत्रेत ढोल वाजवायचा. आमच्या घराण्याचा ढोल, एका ओंडक्यातून कोरलेला, वडिलांच्या वडिलांपासूनचा. योगीराजच्या हातात एक खोड होती. शेवटच्या ठोक्याच्या आधीचा एक घाव तो गाळायचा. नाचणाऱ्यांचा पाय वर उचललेला असायचा आणि ठोका यायचाच नाही. सगळी जत्रा एका पायावर उभी. मग शेवटचा असा यायचा की माणसे ओरडायची. दुसऱ्या कोणी तसे केले की ताल चुकला असे वाटे. त्याने केले की वाटे, आतापर्यंत बाकीचेच चुकत होते.

तो एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली काविळीने गेला. सव्वीस वर्षांचा होता. तेव्हा माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेले नऊ टेप होते आणि कपाटात कोऱ्या कॅसेटींची पेटी. मी त्याला एकदाही भरून ठेवले नाही. आमची आई, बाणूबाई, म्हणाली होती, "देवाचं वाजणं पेटीत भरू नगंस, पिरू. पेटी कुनीबी कुठंबी वाजवील." मला ते पटले होते. आजही पूर्ण चूक वाटत नाही, हीच पंचाईत आहे.

आमच्या घरची रीत अशी. ढोल वाजवणारा गेला की ढोलाच्या दोऱ्या सैल करायच्या आणि तो आढ्याला उलटा टांगायचा. पुढच्या जत्रेला घरातल्या वडीलधाऱ्याने पुढच्या हाताचे नाव घ्यायचे आणि दोरी आवळून द्यायची. म्हणजे ढोलाचा मुका काळ एक वर्षाचा. वडील नव्हते, म्हणून वडीलधारा मी. पुढची जत्रा आली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटले, असा हात आता होणे नाही, कोणाचे नाव घेऊ. लोकांना ते फार मोठे वाक्य वाटले. काहींच्या डोळ्यांत पाणी आले. मलाही ते वाक्य आवडले, आणि मी ते दर वर्षी म्हणत राहिलो. जत्रा शेजारच्या वाडीचा ढोल मागून निभावून न्यायची. आई मरेपर्यंत म्हणत होती, "दोरी आवळ की रं पिरू." मी आवळली नाही. एकेचाळीस वर्षे.

वहीत योगीराजचे नाव यावे म्हणून मी श्रीपतरावांशी किती भांडलो याला सुमार नाही. ते म्हणायचे, "ऐकव. मग लिहितो." शांतपणे म्हणायचे. "तुज्या भावाला मी नावं ठिवायलो का? न्हाई. पर ऐकल्याबिगर कसं लिवू?" त्यांचे काही चुकत नव्हते, म्हणून मला त्यांचा जास्तच राग यायचा. दोन वेळा मी त्यांच्याकडे जाणे सोडले. एकदा चार महिने. जगातल्या सगळ्यांची नावे त्या वहीत होती, ज्यांना अखंड देश ओळखतो त्यांची. ज्याचे दुसरीकडे कुठेच नाव नाही त्यालाच तिथे जागा नव्हती.

आता जे लिहितो ते आजवर कोणाला सांगितलेले नाही. गौरम्माला ठाऊक आहे, पण तिलाही मी सांगितलेले नाही.

श्रीपतरावांनी योगीराजचा ठोका ऐकला आहे. एकोणीसशे एक्क्याण्णव साली, त्याच हॉटेलात.

महांतेश, माझा मुलगा, काकाच्या मांडीवर वाढला. काका गेला तेव्हा सात वर्षांचा होता. योगीराज त्याचे हात आपल्या हाताखाली धरून वाजवायचा, हे मी शंभरदा पाहिले होते आणि लाड समजून सोडून दिले होते. चौदाव्या वर्षी एका सोमवारी तो मला जेवायला बोलवायला आला. आमचे मास्टर मदनवर चालले होते, म्हणून तो बाजूला उभा राहिला आणि नकळत पत्र्याच्या टेबलावर बोटे वाजवू लागला. मी बोलता बोलता थांबलो. शेवटच्या आधीचा ठोका आला नाही. माझा पाय टेबलाखाली वर उचललेला होता. मग शेवटचा आला.

मी उठलो आणि त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्या हॉटेलासमोर. म्हणालो, "मेल्या माणसाची नक्कल करायलास? लाज हाय का?" मग त्याला गाडीत घालून निंबर्ग्याला नेला, टांगलेल्या ढोलाखाली उभा केला, आणि पुन्हा हात वाजवणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. त्याने घेतली. एक शब्द विचारला नाही, कामून म्हणूनही नाही. शपथ त्याने पाळली. दहावीनंतर लॉरीवर गेला. चौतीस वर्षांत मी त्याला कधी ताटावरही बोट वाजवताना पाहिले नाही.

योगीराजची एकच कॅसेट जगात होती आणि ती माझ्या घरात जेवत होती. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या तुटलेल्या कॅसेटी जोडून दिल्या त्याने ती स्वतःच्या हाताने पुसली. तेही कशासाठी, तर भाऊ एकटाच थोर राहावा म्हणून. त्याच्यासारखा दुसरा निघाला असता तर माझे ते मोठे वाक्य खोटे ठरले असते.

या दसऱ्यानंतर, झडपेचे कळल्यावर, मी गावाकडून ढोल उतरवून आणला. डाव्या बाजूचे कातडे भेगाळले होते, उजवे शाबूत होते. महांतेशला बोलावले. तो हैदराबादची खेप टाकून आला. ढोल ओसरीवर ठेवला होता. मी म्हटले, दोरी मी आवळून देतो, शपथ मी सोडवतो. त्याने चप्पल काढली, खाली बसला, उजव्या कातड्यावर पालथा हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिला. नंतर म्हणाला, "आता हात ऱ्हायला न्हाई, अप्पा. स्टेरिंग धरून धरून बोटं आखडलीत." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी राग शोधत होतो, सापडला असता तर बरे झाले असते. त्याने चहा घेतला, आईशी दोन शब्द बोलला आणि गेला.

म्हणून ढोलाची व्यवस्था अशी. तो महांतेशचा. त्यावर माझी कोणतीही अट नाही. वाजवावा, विकावा, देवळाला द्यावा, चुलीत घालावा. कोणत्याही नातेवाइकाने त्याला घराण्याच्या मानाचे सांगू नये. मानाचे सांगून मी काय केले ते वर लिहिले आहे.

कलम ७. हे कलम मसुद्यात नव्हते. आज सोमवार. सह्यांसाठी हॉटेलात आलो आहे आणि पुढचे त्याच टेबलावर बसून लिहीत आहे. अक्षर बिघडले आहे, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

सही करण्याआधी साक्षीदाराला मजकूर कळावा म्हणून मी सहावे कलम श्रीपतरावांना वाचून दाखवले. खरे सांगायचे तर मजकूर कळावा म्हणून नाही. अडतीस वर्षांचा वाद जिंकायचा होता. गुरुवारचा काही भरवसा नाही. वाचून झाल्यावर मी म्हटले, "म्हंजे तुमी ऐकलाव. नियम पुरा झाला. आता लिवा."

श्रीपतरावांनी टेबलाच्या पत्र्यावरून हात फिरवला. वय झाले आहे त्यांचे, ऐंशीच्या पुढे. मला वाटले विसरले असतील. मग म्हणाले, "व्हय. ऐकलंय. ध्यानात हाय माज्या. चहा सांडला होता माजा." आणि गल्ल्यातून वही काढली. शरणप्पा काही बोलायला गेला, त्याला त्यांनी हातानेच गप्प केले.

ते सावकाश लिहीत होते. माझे डोळे भरून आले होते, लाज वाटण्याचे कारण नाही. एकेचाळीस वर्षांनी माझ्या भावाचे नाव थोरामोठ्यांच्या खाली लागत होते. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. मी चष्मा पुसला आणि वाचले.

महांतेश पिराप्पा पुजारी. ढोल. वय चौदा.

मी म्हटले, चुकलाव श्रीपतराव, योगीराज लिवा.

"योगीराजला मी ऐकला न्हाई," ते म्हणाले. "मी ऐकला तो तुजा ल्योक."

"अहो, पर महांतेश जित्ता हाय."

"व्हय," ते म्हणाले. "आन् ऐकाया मिळंल का मला?"

भांडण मला येते, हे वर लिहिले आहे. आज आले नाही. शरणप्पाने तोंड फिरवले. आजवर त्या वहीतल्या एकाही नावावर आम्हा तिघांचे एकमत झाले नव्हते, ते आज झाले.

या मृत्युपत्राने मी जाहीर करतो की ही नोंद मला मान्य आहे. माझ्या माघारी माझ्या कोणत्याही वारसाने, माझ्या इभ्रतीसाठी म्हणूनसुद्धा, ती खोडायला लावू नये. योगीराजचे नाव वहीत यावे ही माझी मागणी मी या कागदाने मागे घेतो. 'मागे काय राहिले' हा रकाना मी श्रीपतरावांना भरू दिलेला नाही. तो भरण्याचा अधिकार एकट्या महांतेशचा आहे. त्याला भरावासा वाटला तर वही त्याच्या हातात द्यावी, आणि नाही वाटला तर आग्रह करू नये.

'कशाने गेला' हा रकाना श्रीपतरावांनी भिडेखातर मोकळा सोडला होता. वर सगळीकडे ताप, क्षय, अपघात असे लिहिलेले आहे. मी पेन मागून घेतला आणि तो रकाना माझ्या हाताने भरला. लिहिले: बाप.

एवढा मजकूर मी वाचून पाहिला, यात कमी-जास्त काही करायचे नाही. माझ्या मागे याची अंमलबजावणी मुलगी रेणू हिने करावी.

सही: पिराप्पा भीमराज पुजारी

साक्षीदार १. श्रीपतराव, मूळ राहणार मेहकर, हल्ली हुमनाबाद. पिराप्पाने माझ्या देखत सही केली. वही माझ्याजवळ आहे, आणि तिच्यातली शेवटची नोंद खरी आहे.

साक्षीदार २. सुधारानी, औषध दुकान, बसस्टँडसमोर, हुमनाबाद. माझ्या देखत सही केली. सही करताना त्यांनी कोणाला हात धरू दिला नाही.

ठिकाण: हुमनाबाद
तारीख: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार